दमसास आधी येतो, पाय मागून : इव्हेंटिंगच्या घोड्यांविषयी प्रश्नोत्तरे

दसरा तोंडावर आला की माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा रोख बदलतो. पावसाळाभर खूर, माशा आणि खोकला चालू असतो, आणि तबेल्यात झेंडूच्या माळा लागायच्या सुमारास सगळ्यांना एकच विचारायचं असतं : पहिली स्पर्धा कधी खेळू? इव्हेंटिंग ज्यांना नवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एकच स्वार आणि एकच घोडा तीन परीक्षा देतात. ड्रेसाजमध्ये शिस्त आणि लवचीकपणा, क्रॉस-कंट्रीत मोकळ्या रानातले पक्के अडथळे आणि शो जंपिंगमध्ये पडणारे दांडे. तिन्हींच्या दंडगुणांची बेरीज होते आणि ज्याची बेरीज सगळ्यात कमी तो जिंकतो.

प्रश्न : इव्हेंटिंगवरच्या इंग्लंडमधल्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की हिवाळ्यात घोड्याला सुट्टी द्या. आपल्याकडे तर स्पर्धा हिवाळ्यातच असतात. मग सुट्टी द्यायची कधी? (तळेगाव दाभाडे)

तिकडचं वर्ष आपल्या उलटं चालतं. युरोपात स्पर्धा साधारण मार्च ते ऑक्टोबर. त्यानंतर चिखल, लवकर पडणारा अंधार आणि थंडी, म्हणून घोडा सुट्टीवर जातो. आपला हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मार्चमध्ये ऊन चटकायला लागलं की संपतो. १९८२च्या दिल्ली एशियाडमध्ये रघुबीर सिंग यांनी इव्हेंटिंगचं सुवर्णपदक मिळवलं, ते नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या स्पर्धेत. उलट भारताच्याच फवाद मिर्झा या इव्हेंटिंग स्वाराने युरोपात राहून तयारी केली, त्यामुळे त्याच्या घोड्यांचं वर्ष तिकडच्या ऋतूंवर चाललं. त्यामुळे कुणाचं वेळापत्रक उचलायचं हे ठरवताना तो कुठे राहतो ते आधी बघा.

माझ्या घोड्यांचं वर्ष असं असतं. शेवटची स्पर्धा झाली की काम एकदम थांबवायचं नाही. दोन आठवड्यांत काम आणि दाणा दोन्ही उतरवत आणायचं. मग एप्रिल-मेमध्ये चार ते सहा आठवडे पूर्ण सुट्टी, रात्री आणि पहाटे पॅडॉकमध्ये, म्हणजे कुंपणाच्या आवारात, मोकळं सोडायचं, दुपारी सावलीत ठेवायचं. जून ते ऑगस्ट हलकं काम, पण रोज. पावसात महिना-महिना बांधून ठेवलेला घोडा सप्टेंबरमध्ये शून्यावरून सुरू होतो, आणि जानेवारी गाठायचा तर शून्यावरून सुरुवात परवडत नाही.

गणपतीच्या सुमारास खरी तयारी सुरू करते. पहिले चार आठवडे फक्त चालवणं, रोज तासभर, त्यातलं निम्मं चढावर. खडकवासल्याकडे आणि तुमच्या मावळात चढाच्या वाटांना तोटा नाही. पुढचे तीन आठवडे त्यात ट्रॉट (दुडकी चाल) वाढवायचा, मग कँटर (हलकी दौड), आणि त्यानंतरच इंटरव्हल, म्हणजे आलटून पालटून दौड आणि चाल : चार मिनिटं कँटर, तीन मिनिटं चाल, असं तीनदा. हे चार दिवसांतून एकदा पुरे. हे सगळं इतकं सावकाश करायचं कारण म्हणजे हृदय आणि फुप्फुसं दीड-दोन महिन्यांत तयार होतात, टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग) आणि हाडांना मात्र कित्येक महिने लागतात. घोड्याला दम लागत नाही म्हणून आपण वेग वाढवतो आणि पाय मागेच राहिलेले असतात.

आता जमिनीचं सांगते, कारण ते इंग्लंडच्या पुस्तकात मिळणार नाही. त्यांना हंगामात ओलाव्याची चिंता असते, आपल्याला कडकपणाची. ऑक्टोबरमध्ये आपल्या जमिनीत ओल असते, टाप पडली की ती थोडी दबते. जानेवारीत काळ्या मातीला भेगा पडतात आणि मुरूम दगडासारखा वाजतो. म्हणून वेगाचं आणि उड्यांचं बरंचसं काम मी डिसेंबरच्या मध्यापर्यंत उरकते. नंतर उड्या फक्त पाणी मारलेल्या वाळूत, तेही आठवड्यातून एकदा, आणि दम टिकवायला चढ.

प्रश्न : पुण्याच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेला पाच वर्षांचा घोडा घेतला, त्याला चार महिने झाले. १२०० मीटर सहज पळतो, दमत नाही. जानेवारीत पहिली इव्हेंट खेळवू का? (बाणेर)

नको. शर्यतीचा घोडा १२०० मीटर सव्वा मिनिटाच्या आत संपवतो, म्हणजे मिनिटाला जवळजवळ हजार मीटर. एफईआयच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाच्या, टू-स्टार पातळीच्या क्रॉस-कंट्रीचा वेग मिनिटाला ५२० मीटर असतो, आणि पहिल्या स्थानिक स्पर्धेत त्याहून कमी. वेगात तुमचा घोडा कुठेच कमी नाही. पळण्यात तो तयारच आहे, त्याला परत येणं शिकायचंय. शर्यतीत त्याला लगामावर भार टाकून पुढे झेपावायला शिकवलेलं असतं. इथे अडथळ्याआधी त्याने वजन मागच्या पायांवर घ्यायचं, पावलं आखडायची आणि उडी झाल्यावर पुन्हा मोकळं व्हायचं. हे अंगात मुरायला माझ्या अनुभवात वर्ष लागतं. लगामावर झोंबत, मान वर काढून अडथळ्याकडे निघालेला घोडा उडीचं अंतर चुकवतो, आणि क्रॉस-कंट्रीचा ओंडका शो जंपिंगच्या दांड्यासारखा खाली पडत नाही.

दुसरं, पुढच्या दोन्ही पायांच्या टेंडनची सोनोग्राफी करून घ्या. लहान वयात जोरात पळालेल्या घोड्याच्या पायांत जुनी दुखापत लपलेली असू शकते. आणि तो दाणा अर्धवट टाकत असेल किंवा पट्टा आवळताना चावायला येत असेल तर त्याला वात्रट म्हणू नका, पोटात अल्सर आहे का ते डॉक्टरांकडून बघून घ्या. शर्यतीच्या घोड्यांत तो फार आढळतो.

माझ्याकडे अशीच एक घोडी होती. रेसकोर्सवरून आलेली, देखणी, कधी न थकणारी. स्पर्धेच्या आठवडाभर आधी सकाळी घोड्यांची देखभाल करणारे सईसमामा म्हणाले, “ताई, डावा पाय कोमट लागतोय.” मी हात लावला. सूज नव्हती, घोडी लंगडत नव्हती. मी म्हटलं, “उन्हात उभी होती मामा, म्हणून असेल.” त्या सकाळी तिला गॅलप दिला, म्हणजे भरधाव पळवलं. दुसऱ्या दिवशी गुडघ्याखाली मागच्या बाजूला बोटभर फुगवटा आला, आणि ती पुढचं जवळजवळ वर्षभर तबेल्यात होती. ऊब उन्हाची आहे की पायातली, हे कळायला दोन्ही पायांना एकदम हात लावायचा असतो. ऊन एका पायाला लागत नाही. इतकी साधी गोष्ट मी केली नाही. तेव्हापासून माझ्याकडे रोज सकाळी काम सुरू करण्याआधी दोन्ही पायांवरून गुडघ्यापासून खाली एकदम हात फिरवल्याशिवाय खोगीर चढत नाही. तुम्हीही हे करा, आणि तुमचा सईस काही सांगत असेल तर हातातलं काम टाकून ऐका. घोड्याजवळ तो तुमच्यापेक्षा दहापट वेळ असतो.

या हंगामात फक्त ड्रेसाज आणि छोटं जंपिंग खेळवा. क्रॉस-कंट्री पुढच्या वर्षी.

प्रश्न : नोकरीमुळे मी फक्त शनिवार-रविवारी रायडिंग करतो. गेल्या शनिवारी वीस मिनिटांत घोडा घामाघूम झाला, मागचे पाय ताठले आणि पुढे यायलाच तयार नाही. ढोसून चालवत तबेल्यात आणला. लघवी कॉफीसारखी झाली. आता बरा आहे. हे काय होतं? (हिंजवडी)

याला टायिंग-अप म्हणतात. इंग्रजीत याचं जुनं नाव ‘सोमवारचा आजार’ असं आहे, कारण कामाचे घोडे रविवारी पूर्ण दाणा खाऊन उभे राहायचे आणि सोमवारी जुंपल्यावर अडकायचे. तुमच्या घोड्याचा सोमवार शनिवारी येतो, एवढाच फरक. पाच दिवस उभा, ओटचा दाणा पूर्ण, आणि सहाव्या दिवशी एकदम काम. स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातलं रंगद्रव्य लघवीतून जातं म्हणून ती काळपट होते, आणि तेच मूत्रपिंडाला मारक ठरू शकतं.

पुन्हा असं झालं तर घोडा जिथे आहे तिथेच थांबवा. चालवू नका, एक पाऊलही नाही. खोगीर उतरवा, पाणी पुढे ठेवा, डॉक्टरांना फोन करा. वेदनाशामक स्वतःच्या मनाने देऊ नका. शरीरात पाणी कमी असताना ते औषध मूत्रपिंडाला आणखी इजा करतं. आणि आता बरा दिसत असला तरी या आठवड्यात रक्ततपासणी करून घ्या. स्नायू अजून सावरले नसतील तर काम सुरू करता येणार नाही.

पुढचं नियोजन दाण्यापासून. ४५० किलोच्या घोड्याला दिवसाला आठ-नऊ किलो कोरडा चारा हवाच, तो कमी करायचा नाही. दाणा मात्र काम बघून द्यायचा : सुट्टीच्या दिवशी निम्मा किंवा त्याहून कमी, आणि एका वेळी दोन किलोच्या वर कधीच नाही. घाम गाळणाऱ्या घोड्याला रोज मीठ द्या. आणि सोमवार ते शुक्रवार कुणीतरी त्याला रोज पाऊण तास चालवलंच पाहिजे, हातात धरून चालवलं तरी चालेल. तेवढी सोय होत नसेल तर स्पष्ट सांगते, इव्हेंटिंगचा घोडा ठेवू नका. शनिवार-रविवारी क्लबच्या घोड्यांवर शिका. त्यात कमीपणा काही नाही, आणि घोड्याचे हाल वाचतात.

प्रश्न : पाऊस संपला तरी खुराला घाण वास येतो. नालबंद म्हणतो, थंडीत आपोआप जाईल. (वाघोली)

आपोआप जात नाही. खुराच्या तळव्याला जो त्रिकोणी मऊ भाग असतो, त्याच्या खाचांत काळं चिकट काही दिसतंय का बघा. दिसलं तर ती खूरकूज आहे. रोज दोन वेळा खूर कोरा, ब्रशने स्वच्छ करा, पूर्ण कोरडा करा आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध कापसाने खाचेत बसवा. औषधापेक्षा कोरडं अंथरूण महत्त्वाचं. मधल्या खाचेत बोट खोल जात असेल किंवा दाबल्यावर घोडा पाय ओढत असेल तर वाट बघू नका. आणि पावसात भिजलेला, बुरशीचा वास येणारा कडबा अजून संपवत असाल तर तो आजच फेकून द्या. हंगामभराचा खोकला तिथून येतो.

प्रश्न : आमचे जुने सईसकाका गॅलपनंतर घोड्यावर गार पाणी टाकू देत नाहीत. म्हणतात, घोडा आखडतो. खरं काय? (खडकवासला)

काकांचा अनुभव मोठा आहे, त्यांचा मान ठेवूनच सांगा. पण या बाबतीत पाणी टाका. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकच्या आधी उष्ण, दमट हवेत घोड्यांचं काय होतं यावर बरंच संशोधन झालं आणि गार पाण्याची भीती त्यात निराधार ठरली. जोरात काम करणारा घोडा तासाला दहा-पंधरा लिटर घाम गाळू शकतो. ती उष्णता बाहेर नाही काढली तर काम थांबल्यावरही त्याचं अंग तापतच राहतं.

गेल्या मार्चमध्ये सकाळी नऊ वाजता कँटर संपवून आलेल्या एका घोड्याची गोष्ट सांगते. नाकपुड्या फाकलेल्या, मानेवरच्या शिरा दोरीसारख्या वर आलेल्या, कोपराच्या आत स्टेथोस्कोप लावला तर पंधरा सेकंदांत ३२ ठोके, म्हणजे मिनिटाला १२८. दोघांनी दोन बाजूंनी बादल्या घेतल्या आणि मान, खांदे, पोट, मांड्या, सगळीकडे पाणी ओतत राहिलो. मध्येच थांबून निथळवत बसलो नाही. पाणी अंगावरून वाहतंय तोवर उष्णता नेतंय. दोन फेऱ्या चालवला, परत पाणी. दहाव्या मिनिटाला पंधरा सेकंदांत १५ ठोके झाले. मग मान खाली सोडून त्याने लांब श्वास टाकला आणि बादलीत तोंड घातलं. पिऊ द्या. तापलेल्या घोड्याला पाणी तोडायचं नाही.

काकांना घड्याळ आणि स्टेथोस्कोप देऊन स्वतः मोजू द्या. दहा-पंधरा मिनिटांत ठोके ६४च्या खाली आले नाहीत तर काम जास्त झालं किंवा काहीतरी बिघडलंय.

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. तिला क्रॉस-कंट्री करायचीय. मला रात्री झोप लागत नाही. (कोथरूड)

ताई, तुमची भीती खरी आहे आणि ती मी खोडून काढणार नाही. या खेळात गंभीर अपघात होतात. सगळ्यात वाईट तो, ज्यात पक्क्या अडथळ्याला पुढचे पाय लागून घोडा कोलांटी घेतो आणि स्वार खाली सापडतो. त्यासाठीच आता काही अडथळ्यांना दाब आला की सुटणाऱ्या खिट्ट्या बसवतात. हेल्मेट आणि बॉडी प्रोटेक्टर सक्तीचे असतात. हेल्मेट एकदा जोरात आपटलं की वरून धड दिसलं तरी बदलायचं.

पण साधनांपेक्षा मोठं संरक्षण म्हणजे शिकवणारा घाई करत नाही ना, हे. एखाद्या सकाळी तिच्या तालमीला जा आणि कडेला उभं राहून बघा. ती मागितलेल्या वेगाने कँटर करू शकते का, आणि प्रत्येक उडीनंतर तीन-चार पावलांत घोड्याला पुन्हा हातात आणते का? घोडा अडून राहिला तर शिक्षक अडथळा कमी करतात, की फटका मारायला सांगतात? स्पर्धेत पहिल्यांदा घोडा अडला की २० दंडगुण, त्याच अडथळ्यावर पुन्हा अडला की ४०, आणि तिसऱ्यांदा बाद. चांगला शिक्षक तिसऱ्या वेळेपर्यंत थांबत नाही; आज नको असं वाटलं तर स्वाराने हात वर करून मैदान सोडावं, हेही तो शिकवतो. तुमच्या मुलीला हे कुणी शिकवलंय का, ते तिलाच विचारा.

प्रश्न : पुण्याच्या थंडीत झूल घालावी का? (हडपसर)

पारा दहाच्या खाली गेला आणि घोडा बारीक किंवा केस कापलेला असेल तर रात्री एक हलकी झूल. घोड्याला पाच ते पंचवीस अंशांत काही त्रास होत नाही. सकाळी आठला ती काढायचीच, कारण डिसेंबरातही दुपारी तीस अंशांपर्यंत जातं आणि झुलीखाली घामाने खांदे सोलवटतात. काढल्यावर खरारा करा आणि झूल उन्हात टाका.