व्यायामाने कंबरदुखीचे खाडे कमी होतात का?

तुम्ही गोदामात मालाची चढ-उतार करता, दर दोन-तीन महिन्यांनी कंबर धरते, चार-पाच दिवस खाडा होतो आणि व्यायामाने तो टळेल का, असं विचारलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्याकडे भोसरीच्या कारखान्यांतली मंडळीच जास्त येतात. बऱ्याच अंशी टळतो. फक्त व्यायाम कोणता यापेक्षा तो कधी सुरू करता आणि कसा वाढवता, याला जास्त महत्त्व आहे.

उसण भरल्यावर पहिले काही दिवस व्यायामाच्या मागे लागू नका. हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवरचा १९९५ सालचा अभ्यास आहे. काहींना दोन दिवस झोपून राहायला सांगितलं, काहींना कमरेचे व्यायाम दिले, काहींना म्हटलं, जमेल तेवढं रोजचं चालू ठेवा. सगळ्यात लवकर सावरले ते हे तिसरे. तरी आठवडाभर सक्त विश्रांतीच्या चिठ्ठ्या अजून येतातच!

खरा व्यायाम त्यानंतर. स्वीडनमध्ये व्होल्वोच्या कामगारांवर असा प्रयोग झाला, तो १९९२ साली छापून आला. माणूस किती करू शकतो ते आधी मोजायचं, त्याहून थोडा कमी कोटा बांधून द्यायचा आणि तो ठरल्याप्रमाणे वाढवत न्यायचा. फिजिओ कारखान्यात जाऊन काम बघूनही आले. ही मंडळी बाकीच्यांपेक्षा लवकर कामावर रुजू झाली.

तुमच्यासाठी म्हणाल तर पाच किलो गव्हाची पिशवी घ्या. जमिनीवरून टेबलावर पंधरा वेळा ठेवल्यावर कंबर बोलायला लागत असेल, तर दहापासून सुरुवात करा. दर आठवड्याला दोन वाढवा. बरं वाटतंय म्हणून एखाद्या दिवशी पंचवीस मारू नका. लोक नेमके तिथेच फसतात, दुसऱ्या दिवशी आडवे होतात आणि 'मला व्यायाम सोसत नाही' म्हणतात.

जोडीला चालणं. २०२४ च्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात कंबरदुखीतून बरे झालेले लोक हळूहळू वाढवत नियमित चालू लागले, तेव्हा त्यांच्यातल्या निम्म्या लोकांचं दुखणं उलटायला २०८ दिवस लागले. ज्यांना असा चालण्याचा कार्यक्रम दिला नव्हता, त्यांच्यातल्या निम्म्यांचं ११२ दिवसांतच उलटलं.

आणि पूर्ण बरं वाटेपर्यंत घरी थांबू नका. सुपरवायझरकडे आठवडाभर स्कॅनिंगसारखं हलकं काम मागून बघा. मात्र लघवी अडकली, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा पायातली ताकद गेली, तर थेट हॉस्पिटल गाठा.