पंधरा मिनिटं आणि साधी चप्पल: तुमचे प्रश्न

पुरुष असून ड्रेस घालावासा वाटतो, साडी नेसावीशी वाटते, म्हणजे ज्याला क्रॉसड्रेसिंग म्हणतात, त्याबद्दल खान्देशातून बरेच प्रश्न आलेत. नावं कुणाचीच देत नाहीये. समुपदेशक म्हणून जे समोर बसलेल्या माणसाला सांगते तेच इथे लिहितेय.

ताई, मी २६ वर्षांचा, धुळ्यात रूम करून राहतो. एकटा असलो की कुर्ती-लेगिंग घालतो. एकदा तरी तसं बाहेर पडायचंय पण दाराची कडी काढली की पाय लटपटतात. सुरुवात कुठून करू?

भाऊ, कडीला हात लावलास ना, सुरुवात तिथेच झाली. एकदम विग, लिपस्टिक, साडी असं सगळं करून आग्रा रोडला जायची काहीच गरज नाही. आधी एखादी गोष्ट घे जी फक्त तुलाच माहीत असेल, पारदर्शक नेलपेंट, डोळ्यांत बारीक काजळ, नाहीतर तुझ्याच जीन्सवर साधी कुर्ती, आणि तशीच कोपऱ्यावरून दूध घेऊन ये. हे दोन-चारदा झालं आणि छातीतली धडधड कमी झाली की मग पुढचं.

ओढणीबद्दल मात्र नीट ऐक. पहिल्यांदा ओढणी घेणारा माणूस दर मिनिटाला ती सावरत बसतो आणि लोकांचं लक्ष कपड्यांकडे नाही, त्या सावरण्याकडे जातं. दोन्ही खांद्यांवर पिना लाव, रूममध्ये रोज तासभर तशीच घेऊन फिर, भांडी घास, झाडू मार, ओढणी आहे हे विसरायला झालं पाहिजे. हिल अजिबात नको, साधी सपाट चप्पल घाल. मग दुसऱ्या गावात जा जिथे तुला कोणी ओळखत नाही, पण सुनसान रस्ता नको, संध्याकाळचा वर्दळीचा बाजार बरा, आणि ज्याला हे माहीत आहे असा एक मित्र सोबत हवाच. पंधरा मिनिटं फिरायचं आणि परत. मजा आली तरी परत, कारण त्या आनंदात माणूस थकतो आणि थकला की गोंधळतो.

जळगावच्या मे महिन्यात मेकअप टिकतच नाही, दाढीची निळसर छटा दिसते. काय करू?

पारा ४५ च्या आसपास गेला की कोणाचाच टिकत नाही रे. नीट शेव्ह कर, निळसर भागावर आधी नारंगी करेक्टरचा अगदी पातळ हात, वर फाउंडेशन. पण खरं सांगू का, उन्हाळा तुझ्या बाजूचा आहे. आपल्याकडे उन्हात निम्म्या पोरी डोक्यापासून नाकापर्यंत स्कार्फ गुंडाळून, गॉगल लावूनच गाडीवर असतात, मग तुझ्याकडे कोण वळून बघणार? पहिल्यांदासाठी याच्यासारखी सोय नाही. पोलिसांनी थांबवलं तर स्कार्फ काढायचा, लायसन्स दाखवायचं, खरं नाव सांगायचं.

भुसावळहून एक ताई लिहितात: मिस्टरांच्या बॅगेत माझ्या मापाचे नसलेले ब्लाउज सापडले. ते म्हणतात फक्त घालायला आवडतं. हा आजार आहे का? त्यांना पुरुष आवडतात का?

ताई, आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी नवी यादी २०२२ पासून लागू झाली, तिच्यातून असे कपडे घालण्याचं निदान काढूनच टाकलंय. कपड्यांची आवड आणि कोण आवडतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं करणारे कितीतरी पुरुष बायकोवर जीव टाकणारे संसारी असतात. पण तुम्हाला धक्का बसलाय तोही खरा आहे, इतकी वर्षं लपवलं याचा राग येणारच, आणि तो गिळून टाका असं मी कधीच म्हणणार नाही. मुलांसमोर नको, माझी साडी नको, आधी सांगायचं, अशा तुमच्या अटी शांतपणे त्यांच्यासमोर मांडा. हे औषधाने घालवतो म्हणणाऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे मात्र त्यांना नेऊ नका.

पोलीस पकडतील का? रेल्वेने जाऊ का?

पुरुषाने बायकांचे कपडे घालू नयेत असा कायदा आपल्याकडे नाही. तृतीयपंथीयांच्या हक्कांबद्दलच्या २०१४ च्या नालसा निकालात सुप्रीम कोर्टाने पेहराव हा अभिव्यक्तीच्या हक्कात धरलाय. पण तू स्वतःला पुरुषच मानत असशील तर लेडीज डब्यात चढू नकोस, रेल्वे कायद्याच्या कलम १६२ मध्ये ५०० रुपयांपर्यंत दंड आहे आणि तिकीटही जप्त होऊ शकतं. शिवाय तिथल्या बायांना त्यांची जागा निर्धास्त मिळाली पाहिजे. जनरलच्या गर्दीपेक्षा आरक्षित डबा घे, तिकिटावर आणि आधारवर एकच नाव असू दे.

मला पोलिसांपेक्षा भीती वाटते ती डेटिंग ॲपवर भेटणाऱ्यांची. गोड बोलून फोटो मागवतात, एकटं बोलावतात आणि मग घरी सांगू म्हणून पैसे उकळतात. चेहरा दिसणारा फोटो कोणालाच पाठवू नको, पहिली भेट चहाच्या टपरीवर, दिवसाढवळ्या. अडकलास तर एक रुपयाही देऊ नको, मेसेज डिलीट करू नको, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी हेल्पलाइनला, १९३० वर, फोन कर. आणि रात्री डोक्यात नको ते विचार यायला लागले तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मराठीतून बोलतात, पैसे लागत नाहीत.