ईस्टरला मुलांसोबत अंड्यांचे पौष्टिक आणि मजेशीर पदार्थ कोणते करता येतील?

तुम्ही लिहिलंय की घरात पाच आणि नऊ वर्षांची दोन मुलं आहेत, दर ईस्टरला चॉकलेटच्या अंड्यांचा ढीग साठतो आणि खरं उकडलेलं अंडं समोर ठेवलं की धाकटा बलक काढून बाजूला सारतो. मी वसईची, ख्रिस्ती घरातली. माझ्याही धाकट्याने तीन वर्षं हेच केलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं सांगणं असं, की ईस्टरच्या रविवारी सकाळी उठून काही करायला घेऊ नका. आधीच्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी सुरुवात करा. मुलांनी आठवडाभर ज्याची वाट पाहिली आणि ज्यात स्वतःचा हात घातला, ते ती खातात. आयतं ताटात आलेलं अंडं त्यांच्यासाठी रोजचंच असतं.

झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आलं की आमच्याकडे नाश्त्याला ऑम्लेट होतं. त्या दिवशी अंडी मधोमध न फोडता वरच्या टोकाला फोडायची, म्हणजे खाली पेल्यासारखं कवच उरतं. ही कवचं धुऊन पाच मिनिटं पाण्यात उकळून घ्या, कारण कच्च्या अंड्याच्या कवचाला जंतू असू शकतात. मग मुलांच्या हातात स्केचपेन द्या आणि कवचावर तोंडं काढू द्या. आत ओला कापूस घालून त्यावर अर्धा चमचा अळीव पसरायचा. हो, बाळंतिणीला लाडू करून देतात तोच अळीव, वाण्याकडचा, फक्त भाजलेला नको. भिजवूही नका, पाणी लागताच तो बुळबुळीत होतो आणि एकमेकांना चिकटून बसतो. कवचं अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्येच खिडकीशी ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ चमच्याने थेंब थेंब पाणी घाला. आपल्याकडच्या उकाड्यात कापूस फार पटकन सुकतो, तेवढं एक काम धाकट्याकडे सोपवा. दोन दिवसांत मोड दिसतात, आणि शनिवारपर्यंत त्या तोंडांच्या डोक्यावर दोन-तीन इंच हिरवे केस उभे राहतात.

इंग्लंडमधली मुलं हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या खेळत आली आहेत, आणि तिथलं अंडं-क्रेसचं सँडविच याच पाल्याचं. ते ज्याला क्रेस म्हणतात तो आपला अळीवच, हे मला कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. पाल्याची चव मुळ्याच्या पाल्यासारखी, थोडी तिखट. रविवारी कात्रीने त्या तोंडांची हजामत करायची, पाला धुऊन उकडलेल्या अंड्याच्या सँडविचवर घालायचा. घरात कोणीही हिरव्या पाल्याला नाक मुरडत असलं, तरी स्वतः कापलेले केस मात्र आवडीने खातं.

आता बलकाबद्दल. मुलं बलक टाकतात त्याचं कारण बऱ्याचदा आपल्या उकडण्यात असतं. खूप वेळ उकडलं की पांढऱ्या भागातलं गंधक बलकातल्या लोहाला भेटतं, बलकाभोवती हिरवट-करडी कडा येते, तो भुकटीसारखा कोरडा होतो आणि वास मारतो. कुकरला तीन-चार शिट्ट्या देऊन अंडी उकडायची सवय असेल तर ती सोडा. पाणी आधी खळखळून उकळू द्या, अंडी चमच्याने हळूच आत सोडा, मंद उकळीवर दहा ते अकरा मिनिटं ठेवा आणि लगेच बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा. बलक पिवळाधमक आणि मऊ निघतो. सोलायची अंडी पाच-सहा दिवस आधी आणून फ्रिजमध्ये ठेवलेली बरी. ताज्या अंड्याचा पांढरा भाग आतल्या पापुद्र्याला चिकटून बसतो. दिवस जातात तसा कवचाच्या छिद्रांतून कर्बवायू निघून जातो आणि मग साल सहज सुटतं. गावरान अंडी त्याच दिवशी आणून उकडली आणि सोलताना निम्मं अंडं सालाबरोबर गेलं, असं तुमचंही कधीतरी झालं असेल.

आणि बलक टाकू देऊ नयेच. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं आणि सत्तरेक कॅलरी असतात. प्रथिनांचा निम्म्याहून जास्त वाटा पांढऱ्या भागात असला, तरी अ आणि ड जीवनसत्त्व, लोह, मेंदूला लागणारं कोलीन आणि बी-12चा मोठा वाटा बलकात असतो.

रंगवायचं काम आम्ही शनिवारी सकाळी करतो. त्या दिवशी रात्रीच्या मिस्सापर्यंत, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीपर्यंत, चर्च शांत असतं आणि मुलांना काय करावं ते सुचत नसतं. होळी-रंगपंचमी नुकतीच होऊन गेलेली असते, उरलेल्या रंगाच्या पुड्या घरात असतात आणि मुलं नेमक्या त्याच घेऊन येतात. त्या मुळीच वापरू नका, पोस्टर कलरही नको. कवचाला बारीक छिद्रं असतात, तडा गेला तर रंग आत उतरतो. स्वयंपाकघरात पुरेसे रंग आहेत.

आठ-दहा कांद्यांची सुकी टरफलं चार कप पाण्यात अर्धा तास उकळली की पाणी विटकरी होतं. दोन कप पाण्यात दोन मोठे चमचे हळद उकळली की पिवळं. जांभळा कोबी चिरून उकळला की पाणी जांभळं. पाणी गाळून थंड करायचं, दर कपाला एक मोठा चमचा व्हिनेगर घालायचं आणि उकडलेली अंडी त्यात बुडवून भांडं फ्रिजमध्ये ठेवायचं. अर्ध्या तासात फिका रंग येतो, गडद हवा असेल तर चार-पाच तास थांबा. व्हिनेगर घातल्यावर कवचावर बारीक बुडबुडे येतात, ते मुलांना दाखवा. कवच चुन्याच्या जातीचं असल्याने आम्लाशी त्याचं जमत नाही, हे नऊ वर्षांच्या मुलीला तिथल्या तिथे समजतं. गंमत कोबीची आहे: पाणी जांभळं-गुलाबी दिसतं आणि अंडं निघतं आकाशी निळं. आधी हळदीत बुडवलेलं अंडं नंतर कोबीच्या पाण्यात घातलं तर हिरवं. बीटचा रंग मात्र मला कधी मनासारखा आला नाही, फिका गुलाबी येतो आणि वाळल्यावर तपकिरी होतो. कोथिंबिरीचं पान अंड्यावर चिकटवून, जुन्या नायलॉनच्या ओढणीच्या तुकड्यात घट्ट बांधून कांद्याच्या पाण्यात ठेवलं, तर पानाचा पांढरा ठसा उमटतो. बाजारातली नेहमीची पांढरी अंडी यासाठी उत्तम.

ईस्टरला अंडंच का, असं मुलं विचारतील. मध्ययुगीन युरोपात प्रायश्चित्तकाळाच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या चाळीस दिवसांत मांसाबरोबर अंडीही वर्ज्य होती. पण कोंबड्या काही उपवास करत नाहीत, त्या अंडी घालतच राहायच्या. साठलेली अंडी मग ईस्टरला रंगवायची, वाटायची, खायची. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या 1290 सालच्या हिशेबात ईस्टरसाठी 450 अंडी 18 पेन्सला घेतल्याची नोंद आहे. श्रद्धेच्या बाजूने सांगायचं तर बंद कवच म्हणजे येशूची कबर आणि त्यातून बाहेर येणारं पिल्लू म्हणजे पुनरुत्थान. ग्रीसमध्ये अंडी लालच रंगवतात, आणि रविवारी दोघं आपापली अंडी एकमेकांच्या अंड्यावर आपटतात. ज्याचं फुटत नाही तो जिंकला. हा खेळ घरी जरूर खेळा. हरलेल्याने आपलं अंडं तिथेच सोलून खायचं, हा आमच्या घरचा नियम.

माझ्या धाकट्याचा बलकाचा रुसवा ज्याने सुटला तो पदार्थ म्हणजे भरलेल्या अंड्यांची पिल्लं. उकडून सोललेल्या सहा अंड्यांना बुडाशी पातळ चकती कापून ती उभी राहतील अशी करा. वरचा एक तृतीयांश भाग नागमोडी कापा, म्हणजे फुटलेल्या कवचासारखी टोपी मिळते. कापायचं काम मोठ्या मुलीने तुमच्यासमोर करावं. आतले बलक अलगद काढून तीन मोठे चमचे चक्का, चमचाभर लोणी, मीठ, चिमूटभर मिरपूड घालून मुलांना मळू द्या. बाजारच्या मेयोनीजची गरज नाही, चक्क्याचा आंबटपणा बलकाला फार छान लागतो. हे मिश्रण पांढऱ्या भागाच्या वर डोकावेल इतकं भरायचं, काळ्या तिळाचे दोन डोळे, गाजराच्या तुकड्याची चोच, आणि वर टोपी. डोळ्यांना अख्खे मिरे लावू नका, लहान मुलाच्या दाताखाली आले तर पुन्हा कधी खाणार नाही. धाकट्याला चोची लावायला द्या. ज्याने चोच लावली तो ते पिल्लू बलकासकट खातो, हे मी तीन घरांत पाहिलंय.

दुसरा पदार्थ अंड्याचे आप्पे. चार अंडी फेटून त्यात अर्धी वाटी किसलेलं गाजर, अर्धी वाटी बारीक चिरून पिळलेला पालक, एक छोटा कांदा, दोन चमचे रवा, मीठ आणि हवं तर कुस्करलेलं पनीर घाला. दहा मिनिटं ठेवा, म्हणजे रवा भिजतो. आप्पेपात्राला तेलाचं बोट फिरवून मंद आचेवर झाकून तीन-चार मिनिटं, उलटून दोन मिनिटं. बारा-चौदा होतात. गोल असल्यामुळे ती छोटी अंडीच दिसतात. शेवयांच्या उपम्याचं घरटं करून त्यात तीन-तीन ठेवली की ताट सजलं. डब्यालाही चालतात.

गोड हवंच असतं, तर आमच्याकडे मार्झिपानची अंडी करतात, काजूची पूड, साखर, अंड्याचा पांढरा भाग आटवून आणि गुलाबपाणी घालून. साखर भरपूर असते, म्हणून मी अंगठ्याच्या पेराएवढी करते आणि माणशी दोन देते. राहिलेले बलक आप्प्यांत. पोर्तुगालमध्ये ईस्टरला फोलार नावाचा पाव करतात, वर अख्खं अंडं कवचासकट रोवून त्यावर कणकेच्या दोन पट्ट्या आडव्या-उभ्या लावतात, आणि धर्मपालक, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणारे, तो आपल्या धर्मपुत्राला देतात. वसईवर पोर्तुगीजांचा अंमल 1739 पर्यंत होता, पण हा पाव आमच्या घरात कधी नव्हता. दोन वर्षांपूर्वी मी प्रथम केला. घरी ओव्हन असेल आणि पावाचं पीठ मळता येत असेल तर मुलांना पट्ट्या लावायला फार आवडतं.

एक गोष्ट मनापासून सांगते, कारण इथे निष्काळजीपणा महाग पडतो. ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिलच्या मध्ये येतो, म्हणजे आपल्याकडे ऐन उन्हाळा. उकडलेली अंडी बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, आणि पारा 32 अंशांच्या वर असेल तर तासभरच. म्हणून अंडी लपवून शोधायचा खेळ घरातच, अर्ध्या तासात आटपा, किंवा लपवायची अंडी वेगळी आणि खायची वेगळी ठेवा. माझ्या एका नातेवाइकांकडे बागेत लपवलेलं एक अंडं दुपारी सापडलं आणि पोराने ते खाल्लं, पुढचे दोन दिवस काय झालं ते सांगत नाही. कवचासकट उकडलेलं अंडं फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, सोललेलं त्याच दिवशी संपवा. कच्च्या अंड्याचं मूस वगैरे मुलांना देऊ नका. शेजारची मुलं येणार असतील तर अंड्याची कोणाला अ‍ॅलर्जी आहे का ते त्यांच्या आईला आधी विचारा.

रविवार सकाळ आमच्याकडे अशी असते: आधी अंडी आपटायचा खेळ, मग हजामत, सँडविच, पिल्लं. आप्पे दुपारी पाहुणे आल्यावर. आणि रंगीत अंडी उरतातच, ती सोमवारी सोलून नारळाच्या दुधाच्या रश्शात सोडायची. कांद्याच्या पाण्यातल्या अंड्यांना तडा गेला असेल तर पांढऱ्या भागावर तपकिरी जाळी उमटते, ती पाहायला मुलं ताटाशी आधी येऊन बसतात.