‘तोकिमेकी मेमोरियल’: आधी ॲनिमे की आधी गेम?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २००६चं ‘तोकिमेकी मेमोरियल: ओन्ली लव्ह’ हे ॲनिमे पूर्ण २५ भाग पाहून झालं, बरं वाटलं, पण जपानी लोक या नावासाठी आजही एवढे हळवे का होतात ते कळलं नाही, तर आता पुढे काय बघू? माझं उत्तर: आता काही बघू नका, खेळा. तुम्ही जे पाहिलंत त्यात फक्त नाव होतं. ज्या गोष्टीसाठी लोक हळवे होतात ती पडद्यावर आणता येणं फार अवघड आहे.

मूळ गेम कोनामी या जपानी कंपनीचा, शाळकरी प्रेमाचा. २७ मे १९९४ला पीसी इंजिन या गेम कन्सोलच्या सीडीवर आला. त्याआधी असं काही नव्हतंच असं नाही. १९८७मध्ये निन्टेन्डोने मिहो नाकायामा या गायिकेला घेऊन शाळकरी प्रेमाचा एक गेम काढला होता. १९९२मध्ये एल्फ कंपनीचा ‘दोक्युसेइ’ आला. त्यात उन्हाळ्याच्या सुट्टीत गावभर फिरायचं आणि कोण कुठल्या वेळी कुठे भेटेल याचा माग काढायचा. पण तो निव्वळ प्रौढांसाठीचा गेम होता. ‘तोकिमेकी’ने तो भाग पूर्ण वगळला आणि घड्याळाच्या जागी कॅलेंडर आणलं. माझ्या मते सगळं वेगळेपण तिथे सुरू होतं.

किरामेकी हायस्कूलमध्ये तुमची तीन वर्षं. शाळेच्या आवारात एक जुनं झाड आहे. पदवीदानाच्या दिवशी त्या झाडाखाली मुलीने प्रेमाची कबुली दिली, तर ती जोडी कायम सुखी राहते अशी आख्यायिका. शेजारच्या घरात राहणारी बालमैत्रीण शिओरी फुजिसाकी याच शाळेत आली आहे. आता प्रत्येक आठवड्याला ठरवायचं: भाषा-साहित्याचा अभ्यास, विज्ञान, कला, व्यायाम, दिसणं की नुसती विश्रांती. प्रत्येक गुणाचा एक आकडा असतो; एक वर गेला की दुसरा खाली येतो, आणि ताण वाढत गेला की आजारपण. रविवार आणि सुट्ट्या भेटींसाठी.

मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा जपानी शिकत होतो, शब्दकोश मांडीवर. पहिल्याच महिन्यात शाळा सुटल्यावर शिओरीला विचारलं, बरोबर घरी जाऊ या का? तिने नम्रपणे नाही म्हटलं: बरोबर गेलो आणि मैत्रिणींत चर्चा झाली तर लाज वाटेल. लहानपणापासून शेजारी राहणारी मुलगी! जपानमध्ये हे वाक्य गेम न खेळलेल्यांनाही माहीत असतं. मला मात्र ते शब्दकोशातून एकेक शब्द काढत समजलं, आणि शेवटच्या शब्दाला पोचेपर्यंत आशा होती.

शिओरी सर्वांत अवघड, कारण तिला सगळ्याच बाबतींत चांगला मुलगा हवा. म्हणून सगळे आकडे वाढवायचे. पण विज्ञान वाढलं की युइना हिमोओ ओळख करून घेते, साहित्य वाढलं की मिओ किसारागी, दिसणं वाढलं की मिरा कागामी. त्या आल्या की त्यांचंही मन राखावं लागतं. एखादीकडे फार दिवस दुर्लक्ष झालं की तिच्या नावापुढे बॉम्बचं चिन्ह येतं. तो फुटला की शाळाभर बोभाटा होतो आणि सगळ्यांच्याच मनातून तुम्ही उतरता, शिओरीच्याही. म्हणजे जिच्यासाठी धडपड, तिला वेळ देता येऊ नये म्हणून इतर जणी दारात उभ्या. कुणीही वाईट नाही, प्रत्येकीचं म्हणणं रास्त आहे, आणि रविवार एकच. हा गेम प्रेमकथेपेक्षा जास्त वेळेच्या ओढाताणीचा आहे, आणि ती ओढाताण इतकी खरी आहे की मला अजूनही काही रविवार आठवतात.

हे माझं एकट्याचं मत समजू नका. १३ फेब्रुवारी २००१ रोजी जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने या गेमवर एक निकाल दिला. एक कंपनी अशी मेमरी कार्डं (गेममधली प्रगती साठवणारी) विकत होती, ज्यात नायकाचे आकडे सुरुवातीपासूनच भरमसाट होते. कोनामी कोर्टात गेली. न्यायालयाने मान्य केलं की हे आकडे नायकाचं व्यक्तिमत्त्व व्यक्त करतात. ते बाहेरून बदलले की कथा ठरवलेल्या कक्षेबाहेर जाते आणि निर्मात्याच्या हक्काचा भंग होतो. संवादाचा एक शब्दही कुणी बदलला नव्हता, फक्त आकडे! ते आठवडे कष्टाने काढणं हीच कथा आहे, याला याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

आता रूपांतरांकडे या नजरेने बघा. १९९७चा लाइव्ह ॲक्शन चित्रपट कथा स्वतःचीच सांगतो. सोडून दिलात तरी चालेल. १९९९चं दोन भागांचं ओव्हीए (टीव्हीवर नाही, थेट व्हिडिओवर काढलेलं ॲनिमे) देखणं आहे, पण गेम संपवून शिओरी ओळखीची झाल्यावरच भिडतं. ‘ओन्ली लव्ह’ तर मूळ गेमचं रूपांतरच नाही. २००६मध्ये आलेल्या ऑनलाइन गेमवरून ते केलं होतं, शाळा वेगळी, मुली वेगळ्या. त्यातला रिकू एका मुलीबरोबर बोलतो तेव्हा दुसरीचं काही हिरावलं जात नाही. म्हणून तुम्हाला ते नुसतं बरं वाटलं.

एक रूपांतर मात्र मनापासून आवडतं, आणि तेही गेमच आहे. हिदेओ कोजिमाच्या निर्मितीतली ‘ड्रामा सिरीज’, तीन भाग, १९९७ ते १९९९. हो, ‘मेटल गिअर’ या गाजलेल्या गेममालिकेवालेच कोजिमा. पहिल्या भागात साकी निजिनो आहे, फुटबॉल क्लबची व्यवस्थापक, आणि तुम्ही संघाबाहेर बसलेले राखीव खेळाडू. आठवड्यांचा हिशेब काढून टाकलाय, पण त्याच्या जागी सामना जवळ येत चालल्याची जाणीव आहे आणि सराव तुम्हालाच करावा लागतो. मूळ गेममध्ये साकीला जिद्द आवडते एवढंच कळतं. इथे ती जिद्द म्हणजे काय ते दिसतं. वेळ आणि मेहनत या दोन गोष्टी सोडल्या नाहीत, म्हणून हे रूपांतर जमलं.

कुठला गेम घ्यावा? मूळ गेम इंग्रजीत अधिकृतपणे कधीच आला नाही. सुपर फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या कन्सोलवरच्या आवृत्तीचं चाहत्यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर आहे, पण त्या कार्ट्रिजमध्ये सगळे आवाज मावले नाहीत, आणि मामी किंगेत्सु यांच्या आवाजाशिवाय शिओरी अर्धीच उरते. (१९९६मध्ये शिओरीच्या नावाने गाण्याची सीडी निघाली होती, यावरून त्या आवाजाची जादू कळावी.) थोडंफार जपानी येत असेल तर मे २०२५मध्ये निन्टेन्डो स्विचवर आलेली ‘फॉरेव्हर विथ यू’ची (म्हणजे याच मूळ गेमच्या नंतरच्या रूपाची) नवी आवृत्ती घ्या. वाचायला बरीच सोपी आहे.

आणि पहिल्या फेरीत शिओरीच्या मागे लागू नका. व्यायामावर भर द्या, पोहण्याच्या क्लबात जा आणि नोझोमी कियोकावासाठी खेळा. आकडे एकाच बाजूने वाढतात, म्हणून बाकीच्या मुली कमी येतात आणि हिशेब हाताबाहेर जात नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी योशिओला, म्हणजे गेममधल्या तुमच्या मित्राला, फोन करायला विसरू नका. कोण तुमच्यावर खूश आहे, कोण नाराज आहे, हे तोच सांगतो. माझ्या पहिल्या फेरीत मी त्याला सहा महिने फोन केला नव्हता. पदवीदानाच्या दिवशी मला झाडाखाली बोलावणारी कुणाचीच चिठ्ठी आली नाही.