9 मि.मी.ची काडतुसं घरी भरताना एकूण लांबी कशी ठरवायची? पुस्तकात 1.150 इंच आहे, मित्र 1.100 म्हणतो. कोणाचं ऐकू?

दोघांचंही नको. आधी पिस्तुलाच्या नळीला विचारा.

एवढं लिहून थांबणार होतो, पण तुमचा तो 1.150 वाचला आणि आमचे साडू आठवले.

मी इंदूरचा. सांवेर रोडवरच्या एका टूलरूममध्ये 27 वर्षं गेज बनवले, मग मुलाकडे ओहायोत ग्रीन कार्डावर सहा वर्षं काढली, आता परत रामबागेत. साडू मूळ पुण्याचे, अमेरिकेत जाऊन त्यांना 30 वर्षं झालेली. तळघरात त्यांची प्रेस, डाय, तराजू, सगळं देवघरासारखं मांडलेलं. मी काही बोलायला गेलो की ठरलेलं उत्तर: "तुम्ही पिथमपूरवाले, ट्रॅक्टरची कामं करणारे. हे नाजूक आहे." पिथमपूर नव्हे, सांवेर रोड, दोन्ही शहराच्या दोन वेगळ्या दिशांना आहेत. पण पुणेकराला कोण सांगणार.

एका शनिवारी ते नवीन पिस्तूल आणि स्वतः भरलेली 100 काडतुसं घेऊन रेंजवर निघाले, मीही सोबत. पहिल्याच काडतुसाला स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) पूर्ण पुढे जाईना. त्यांनी मागून तळहातानं ठोकली. मग तर ती ना पुढे ना मागे. जोर लावून ओढली तेव्हा पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) एकटीच बाहेर आली, गोळी नळीत रुतून राहिली आणि दारू सगळी मॅगझीनमध्ये सांडली. तिथल्या माणसानं आम्हाला सभ्य शब्दांत घरी पाठवलं. गाडीत साडूंचं निदान तयार होतं: "स्प्रिंग खराब आहे."

घरी आल्यावर मी नळी सुटी करून, रुतलेली गोळी काढून मागितली. नळी म्हणजे कारखान्यानं तुम्हाला फुकट दिलेला गो-गेज आहे हो, पार्ट बसतो का हे तपासायचं माप! काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या त्याच्या जागेत, सोडलं की टप्प आवाज यायला हवा, बोटानं गोल फिरायला हवं, नळी उलटी केली की आपल्या वजनानं खाली पडायला हवं. साडूंचं काडतूस आवाज न करता अडकून बसलं. दुसरं काढून त्याच्या गोळीला आणि पुंगळीच्या तोंडाला काळं मार्कर फासलं, पुन्हा सोडलं. पुंगळीच्या तोंडाची शाई शाबूत, गोळीवर मात्र रायफलिंगचे (नळीतल्या पिळदार कंगोऱ्यांचे) सहा ओरखडे. (तोंडाची शाई खरवडली असती तर दोष लांबीचा नसता, तोंड नीट मिटलं नाही, एवढाच अर्थ. 9 मि.मी. चेंबरमध्ये पुंगळीच्या तोंडावरच टेकतं, म्हणून तिथे टेपर क्रिम्प, म्हणजे तोंड हलकंसं निमुळतं दाबायचं, आत वळवायचं नाही. हे तुम्हाला माहीत असेलच.)

"पण पुस्तकात 1.150 आहे," इति साडू.

आता मूळ मुद्दा. लांबी आपण मोजतो नाकाच्या टोकापासून, आणि नळीला लागतो गोळीचा खांदा. गोल नाकाची गोळी लवकर निमुळती होते, ती लांब ठेवली तरी चालते. चपट्या नाकाची गोळी, जशी साडूंची होती, आपली पूर्ण जाडी बरीच पुढपर्यंत नेते, तिला तीच लांबी दिली की खांदा रायफलिंगवर आदळतो. ड्रॉइंगवर माप एका जागेवरून आणि पार्ट बसतो दुसऱ्या जागेवर, हा घोळ मी 27 वर्षं निस्तरला. 1.169 इंच ही 9 मि.मी.ची वरची हद्द. तुमच्या गोळीला, तुमच्या नळीत किती, हे ती सांगत नाही. मित्राचा 1.100 त्याच्या पिस्तुलात अगदी बरोबर असेल.

मग मी डमी केली. प्रायमर (ठिणगी देणारी टोपी) नाही, दारू नाही, नुसती पुंगळी आणि गोळी. 1.150 पासून पाच-पाच थाऊ (इंचाचे हजारावे भाग) कमी करत गेलो. 1.075 ला टप्प. आणखी 15 थाऊ सोडले, 1.060. मॅगझीनमध्ये भरून हातानं चालवली, नीट वर चढली. शेवटी गोळीचं नाक लाकडी टेबलावर अंगठ्याच्या जोरानं दाबलं, पुन्हा व्हर्नियर लावला, लांबी तीच. हे करायचंच. मॅगझीनमधून चेंबरकडे चढताना रॅम्पवर आदळून गोळी आत सरकत असेल तर मोजलेल्या लांबीला काही अर्थ उरत नाही.

मी म्हटलं, भरा आता. तर साडू म्हणाले, दारू कमी करावी लागेल. मी हसलो. दोन-सव्वादोन मिलीमीटरनं काय होतंय? त्यांनी न बोलता पुस्तक उघडून पुढे सरकवलं. स्पीअर कंपनीची चाचणी होती: 9 मि.मी.मध्ये गोळी फक्त 30 थाऊ जास्त आत बसवली आणि दाब 28,000 वरून 62,000 CUP वर (हे दाबाचं एकक) गेला. आम्ही 90 थाऊ आत गेलो होतो. आतली जागा घटली की दाब चढतो, आणि 9 मि.मी.च्या पुंगळीत जागा मुळातच थोडी. तेव्हा लांबी कमी केलीत तर दारू पुस्तकातल्या सुरुवातीच्या मापावर आणा आणि तिथून हळूहळू वर चढा. हे मी वरच लिहायला हवं होतं, ठाऊक आहे.

पण त्याच पुस्तकात चपट्या नाकाच्या त्या गोळीचं पान वेगळं होतं. दारूचं मापही वेगळं. आणि लांबी छापलेली होती 1.060. साडूंनी गोल नाकाचं पान उघडलं होतं.

प्रश्नावरून तुम्ही भारताबाहेर असाल असं धरलंय. इकडे परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हा शस्त्र अधिनियम 1959 नुसार गुन्हा आहे, तेव्हा इंदुरात बसून मला निरोप पाठवू नका.

साडू गेल्या हिवाळ्यात लग्नाला आले होते. सकाळी पोहे-जलेबी खाता खाता माझ्या जावयाला हाच किस्सा सांगत होते. त्यांच्या किश्श्यात लांबी पुस्तकात सापडली, आणि मी टेबलावर गोळी दाबत बसलो होतो.