फरशी उखडण्याआधी खाली काय आहे ते नोंदवून घ्या

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरजवळ कळंब्याला घरामागच्या अंगणात मार्चमध्ये शहाबादी फरशी घातली. काम तोंडी बोलीवर, ८०,००० रुपयांत ठरलं. ६५,००० यूपीआयने दिले. जुलैच्या पावसात मधला भाग खचला, पाणी उलटं घराकडे येऊन स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आली. कंत्राटदार म्हणतो, ‘काळी माती हाय, खचणारच. त्याला मी काय करू?’ शिवाय उरलेले १५,००० मागतोय. वाचक भगिनींना ती फरशी उखडून दुसऱ्याकडून नव्याने घालून घ्यायची आहे.

ताई, एवढ्यात पहार लावू देऊ नका. तुमचा खरा पुरावा त्या फरशीखाली आहे. एकदा ती उचलून नवा मुरूम पडला, की आधी खाली काय होतं हे कुणालाच दाखवता येणार नाही. अशी प्रकरणं तिथेच लंगडी पडतात.

कंत्राटदाराचं ते वाक्य जपून ठेवा, ते तुमच्याच बाजूचं आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसून भेगाळते, हे माहीत असलेल्या माणसाने ती पुरेशी खोल काढून, चार-सहा इंच मुरूम-खडी थराथराने पाणी मारत धुमसून घ्यायला हवी होती. वर इंचभर कच (दगडाचा बारीक चुरा), पाण्याच्या नळीने पाहिलेली पातळी, आणि घरापासून बाहेरच्या बाजूला मीटरमागे दोनेक सेंटिमीटर उतार. पाणी भिंतीकडे येतंय म्हणजे निदान आता तरी तो उतार उरलेला नाही.

म्हणून आधी त्याला स्पीड पोस्टाने आणि व्हॉट्सॲपवर कळवा: अमुक तारखेला इंजिनिअरसमक्ष तपासणी आहे, हजर राहा. आठवडाभराची मुदत द्या. त्या दिवशी खचलेल्या जागेची एक आणि शाबूत जागेची एक, अशा दोनच फरश्या उचला. खड्ड्यात टेप उभी धरून, आकडे वाचता येतील असे फोटो काढा. फरशीखाली थेट काळी चिकट मातीच लागली, तर थर घातलाच नव्हता हे डोळ्यांना दिसतं. इंजिनिअरकडून अहवाल आणि शपथपत्र घ्या. कंत्राटदार आला नाही तर तेही अहवालात लिहा.

तोंडी करारही करारच असतो. पैसे दिल्याच्या नोंदी आणि मेसेज त्याला आधार देतात; मोबाईलवरच्या पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३ चं, म्हणजे ती इलेक्ट्रॉनिक नोंद खरी असल्याचं, प्रमाणपत्र जोडा. सदोष काम ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सेवेतली त्रुटी ठरते. तक्रार कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, मुदत दोन वर्षांची. रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

पंधरा हजारांचं काय? गप्प बसून अडवू नका. काम सदोष आहे, दुरुस्तीचा खर्च यातून वळता करण्याचा माझा हक्क राखून ठेवते, असं लेखी कळवा. त्याच नोटिशीत पंधरा दिवसांत स्वतःच्या खर्चाने काम नीट करून देण्याची संधीही द्या. तो आला आणि थर घालून दिला, तर आयोगाची पायरी चढायचं कारणच राहणार नाही.

नाहीच आला, तर तपासणी झाल्यावर काम खुशाल दुसऱ्याला द्या. नुकसान वाढू न देणं ही तुमचीही जबाबदारी आहे. भिंत ओली ठेवून निकालाची वाट पाहायची नाही. नव्या कामाचं पक्कं बिल तेवढं घ्या, आणि त्यात मुरूम, खडी, कच, मजुरी वेगवेगळी लिहून मागा.