नेलेली कुत्री परत का आणतात? वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यकाची उत्तरं

मागच्या अंकात नाशिक महापालिकेच्या डॉग व्हॅनबद्दल, म्हणजे रस्त्यावरची कुत्री नसबंदीसाठी उचलून नेणाऱ्या गाडीबद्दल लिहिलं होतं, त्यावर खूप पत्रं आली, निम्मी तर चिडूनच लिहिलेली. बरंच झालं, चिडून का होईना लोक विचारतायत. सगळ्यांना इथे उत्तर देणं जमणार नाही म्हणून जे प्रश्न परत परत आलेत ते आधी घेते.

आमच्या गल्लीत आठ कुत्री आहेत. दोन महिने फोन केले तेव्हा एकदाची गाडी आली, पाच कुत्री नेली आणि आठवड्याभरात तीच पाच आणून आमच्याच गल्लीत सोडली. याला काम म्हणायचं का? लांब कुठेतरी सोडायला काय होतं? सुप्रीम कोर्टाचाही आदेश आहे ना? (एक वाचक, पवननगर, सिडको)

दादा, तुमचा राग मी समजू शकते, पण ती पाच परत आली म्हणजेच काम झालं. 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आहेत, त्याआधी 2001 चे होते, दोन्हीत हेच आहे की कुत्रं उचलायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि जिथून उचललं तिथेच आणून सोडायचं. ऑपरेशननंतर निदान चार दिवस ठेवून घ्यावं लागतं, टाके बघायचे असतात, जाण्यायेण्याचा वेळ धरला की तुमचा तो आठवडा होतो.

आता तिथेच का, तर गल्लीत कुत्री राहतात ती खाण्यामुळे. चिकनच्या दुकानामागचं, हॉटेलचं खरकटं, घंटागाडी येऊन गेल्यावर लोक कोपऱ्यावर टाकतात ते. ते खाणं तसंच राहिलं आणि कुत्री उचलली की जागा रिकामी होते, मग शेजारच्या गल्लीतली, नाल्यापलीकडची येतात, त्यांची नसबंदी नसते, लस नसते, आणि हद्दीवरून रात्रभर जी भांडणं होतात ती वेगळीच. तुमची ती पाच आता पिल्लं घालणार नाहीत, लसही टोचलेली आहे, आणि नवीन कुत्र्याला ती गल्लीत शिरू देत नाहीत. म्हणजे तुमच्या गल्लीची राखणच करतायत ती.

आणि लांब म्हणजे कुठे सोडायचं हो? त्र्यंबक रोडला, शेताच्या कडेला? तिथे त्याला पाणी कुठे, खाणं कुठे माहीत नसतं, वस्तीवरची कुत्री टिकू देत नाहीत, आणि उसाच्या बाजूला सोडलं तर बिबट्याला आयतं जेवण. शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला होता त्यात सगळ्यात जास्त खाणं कुत्र्यांचंच निघालं होतं. आपली अडचण उचलून निफाड-सिन्नरच्या शेतकऱ्याच्या ओट्यावर नेऊन ठेवायची, हे मला तरी पटत नाही.

सुप्रीम कोर्टाचं तुम्ही लिहिलंय, ते थोडक्यात सांगते. 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात नसबंदी आणि लस झालेली कुत्री त्याच भागात सोडायची असंच आहे, फक्त रेबीज झालेलं, तसा संशय असलेलं किंवा अंगावर धावून चावणारं कुत्रं सोडायचं नाही. नंतर 7 नोव्हेंबर 2025 ला शाळा, दवाखाने, क्रीडासंकुल, बसस्टँड, रेल्वे स्टेशन अशा आवारातली कुत्री परत तिथे सोडू नका असं आलं. तुमची गल्ली यात बसत नाही.

पण तुमच्या पत्रातली खरी काळजीची गोष्ट तुमच्या लक्षातच आलेली नाहीये, ती म्हणजे राहिलेली तीन. उद्या सकाळी त्यांचे कान बघा. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाच्या टोकाला कात्रीने काढल्यासारखी इंग्रजी व्ही आकाराची खाच असते, भुलीत असतानाच काढतात, दुखत नाही, आणि दहा फुटांवरून दिसते. खाच नसलेल्या तिघांत एक जरी मादी असेल तर साधारण 63 दिवसांत चार-सहा पिल्लं आणि वर्षातून दोनदा! आठाची बारा-चौदा व्हायला वेळ लागत नाही. म्हणून आता तक्रार करायची ती या तिघांची. फक्त अंगावर पिणारी पिल्लं असतील तर ती सुटेपर्यंत आईला नेत नाहीत, आणि सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लांनाही उचलत नाहीत, तेवढं थांबावं लागतं.

तक्रार कशी करायची तेही सांगते. 'आमच्याकडे कुत्र्यांचा फार त्रास आहे' एवढंच लिहिलं तर गाडीवाल्याला काय समजणार? किती कुत्री, रंग कोणता, कानाला खाच आहे की नाही, पहाटे कुठे झोपतात, जवळची खूण काय, आणि मुख्य म्हणजे सकाळी सहाला खाली येईल अशा माणसाचा फोन नंबर, एवढं लिहा. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली की त्या इंजिनच्या आवाजानेच कुत्री पांगतात, मी कित्येकदा बघितलंय, जाळी घेतलेले दोघं नुसते उभे राहतात. एकदा जुन्या नाशकात एका वाड्यातल्या आजी खाली आल्या, पायरीवर बसल्या, हातात दुधात भिजवलेली पोळी, 'ये गं काळे' म्हणाल्या आणि जी मादी चार फेऱ्यांत हाताला लागली नव्हती ती शेपटी हलवत त्यांच्या पायाशी येऊन बसली, जाळी हळूच मागून पडली. आजींच्या डोळ्यांत पाणी. नवव्या दिवशी काळी परत आली तेव्हा पहिलं तिला उलटंपालटं करून तिचं पोट त्यांनीच बघितलं. गल्लीतलं कोणीतरी सोबत असलं ना की निम्मं काम होतं.

माझ्या सात वर्षांच्या मुलाच्या पोटरीला पिल्लाचा दात लागला. रक्त नाही आलं, नुसता ओरखडा आहे. सासूबाईंनी हळद-चुना लावला. पिल्लू दोनच महिन्यांचं आहे, रोज खेळतं त्याच्याशी. इंजेक्शन लागेलच का? (एक आई, जेलरोड)

ताई, तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी आपलं फोनवर बोलणं झालं आणि बाळाचा पहिला डोसही झाला, इथे बाकीच्यांसाठी लिहितेय. लागेलच. रक्त आलं नाही तरी लागेल, पिल्लू असलं तरी लागेल, घरचं असलं तरी लागेल. रेबीज पिल्लालाही होतो, आणि माणसात एकदा लक्षणं दिसली की त्यावर इलाज नाही, माणूस जातो. मी याबाबतीत घाबरवते असं काही लोक म्हणतात, म्हणू देत.

पहिली गोष्ट नळाखाली धुणं. वाहतं पाणी आणि साबण, घड्याळ लावून 15 मिनिटं. पंधरा मिनिटं फार वाटतात, मूल रडतं, पण विषाणू बराचसा तिथेच धुतला जातो. हळद, चुना, तिखट, तंबाखू काही म्हणजे काही लावायचं नाही, जखम घट्ट बांधायचीही नाही. सासूबाईंनी मायेनेच केलं असणार, त्यांना रागावू नका, फक्त पुढच्या वेळी नळ दाखवा.

नुसता ओरखडा, रक्त नाही, तर लस पुरते. रक्त आलं असेल, किंवा फाटलेल्या कातडीला, डोळ्याला, तोंडात लाळ लागली असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं, ते डॉक्टरांना स्वतःहून विचारा. लस कातडीत देत असतील तर पहिल्या दिवसापासून मोजून 0, 3, 7 आणि 28 या दिवशी, दंडात स्नायूत देत असतील तर 0, 3, 7, 14 आणि 28. पोटातली चौदा इंजेक्शनं कधीच गेली, ती भीती काढून टाका. गरोदर बाईलाही ही लस चालते. सिव्हिलला, कथड्याच्या झाकिर हुसेनला, नाशिकरोडच्या बिटकोला, सरकारी दवाखान्यात ही लस मोफत आहे.

कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा, ते दहा दिवस ठणठणीत राहिलं तर पुढचे डोस द्यायचे की नाही ते डॉक्टर ठरवतील. पण दहा दिवस वाट बघून मग पहिला डोस, असं करू नका, कृपा करून नका करू. कुत्रं त्या दिवसांत गायब झालं किंवा मेलं तर सगळे डोस पूर्ण करायचे. आणि शेवटचा डोस लोक सरळ विसरतात, जखम भरलेली असते ना, म्हणून कॅलेंडरवर आजच गोल करून ठेवा.

मी बिल्डिंगखालच्या चार कुत्र्यांना रोज रात्री खायला देते. कमिटी म्हणते बंद करा नाहीतर दंड. मी काय चुकीचं करतेय? (गंगापूर रोड)

खायला देणं चुकीचं नाही ताई, पण कुठे देता ते तुम्ही लिहिलंच नाहीये. जिन्यापाशी, गेटजवळ, मुलं खेळतात तिथे देत असाल तर कमिटीचं ऐका. 2023 च्या नियमात खाऊ घालण्याची जागा ठरवून घ्यायची तरतूद आहे, जिना, दार आणि खेळाच्या जागेपासून लांब, आणि 22 ऑगस्टच्या आदेशातही रस्त्यावर कुठेही नाही, ठरलेल्या जागीच, असंच आहे. तेव्हा कमिटीला सोबत घेऊन महापालिकेला जागा ठरवून मागा, वेळ एकच ठेवा, उरलेलं खरकटं स्वतः उचला.

आणि एक मनापासून मागणं आहे. ती चार कुत्री तुमच्या हाकेला येतात, दुसऱ्या कोणाच्या येणार नाहीत. गाडी बोलावून त्यांची नसबंदी करून घ्या. भाकरी देणाऱ्या हातानेच हे होऊ शकतं, आणि चारही कान खाचेचे दिसले की कमिटीतली निम्मी माणसं आपोआप मऊ होतात, माझा अनुभव आहे.

मखमलाबाद शिवारात बिबट्या दिसला म्हणून महापालिकेला फोन केला तर म्हणे आमचं काम नाही. मग कोणाचं?

वन विभागाचं. 1926 नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. बिबट्या, साप, जखमी घुबड हे सगळं वन्यजीवात येतं, 1972 चा कायदा आहे, महापालिकेची माणसं त्याला हात लावू शकत नाहीत. बिबट्या दिसला की मुलांना आत घ्या, अंगणातलं कुत्रं आत घ्या, आणि कृपया मोबाईल घेऊन गर्दी करू नका, त्याला पळायला वाट राहिली नाही की तो माणसावर येतो. साप निघाला तर लांबून नजर ठेवून सर्पमित्राला बोलवा. चावलाच तर दोरी बांधणं, ब्लेड मारणं, मांत्रिक यात वेळ घालवायचा नाही, हातपाय न हलवता थेट सिव्हिल.

पंचवटीत भाजीबाजारात मोकाट गायी फिरतात, कोंडवाडा बंद झाला का?

कोंडवाड्याचा कायदा 1871 चा आहे आणि तो आजही आहे. अडचण अशी की गाय मोकाट दिसते पण बहुतेक वेळा तिला मालक असतो, सकाळी धार काढून सोडून देतो, कोंडवाड्यात गेली की दंड भरून सोडवतो आणि परत सोडतो. तक्रारीत कानातल्या बिल्ल्याचा नंबर लिहा, मालक सापडतो. आणि शिळी पोळी पिशवीला गाठ मारून टाकू नका हो, गाय पिशवीसकट गिळते. मी पोट उघडून बघितलंय, एकमेकांत गुंतून दोरखंडासारख्या झालेल्या पिशव्या, आणि गाय उपाशीच मेलेली.

माझे मिस्टर कुत्रागाडीवर आहेत. एका गल्लीत 'कुत्री न्या' म्हणून शिव्या आणि पुढच्या गल्लीत 'का नेता' म्हणून शिव्या. मागच्या महिन्यात एकाने दगड मारला. घरी आले की बोलत नाहीत, लेकीने बाबा काय करतात ते शाळेत सांगितलं नाही. मी त्यांना काय सांगू? (नाव छापू नये)

वहिनी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

ऑपरेशन आम्ही डॉक्टर करतो, आमचं नाव होतं, पण टेबलापर्यंत कुत्रं आणतो तो तुमच्या मिस्टरांसारखा माणूस. चिमट्याने, तारेने पकडायला नियमात मनाई आहे, म्हणजे जाळी आणि हात, आणि घाबरलेलं कुत्रं चावायला एक सेकंद लागतो. पहाटे पाचला निघायचं, कोणतं कुत्रं कुठल्या खांबापासून उचललं ते गळ्यातल्या नंबराप्रमाणे वहीत लिहायचं, आणि आठवड्याने बरोबर त्याच खांबापाशी पिंजरा उघडायचा. मी एकदा मुद्दाम सोबत गेले होते. पिंजरा उघडला, कुत्रं दोन मिनिटं आतच थांबलं, मग उतरून खांब हुंगला, एका रिक्षाखाली गेलं आणि रोजची जागा असल्यासारखं अंग टाकून झोपलं. गाडीवरचे दादा म्हणाले, 'पोचलं घरी'. वहीत खूण केली आणि पुढच्या गल्लीत निघाले.

लेकीला हे सांगा. शाळेत सांगायचं तर असं सांगू दे की बाबा गल्लीतल्या मुलांना रेबीजपासून वाचवतात, हे शंभर टक्के खरं आहे. दगड मारला त्याची तक्रार लेखी द्या, तोंडी नको, सरकारी कामात अडथळा आणणं हा गुन्हा आहे.

आणि एक गोष्ट आजच विचारा त्यांना. कुत्री हाताळणाऱ्या माणसाला चावण्याच्या आधीच लस घ्यायची असते, 0, 7 आणि 21 किंवा 28 व्या दिवशी. दोन घेतले आणि तिसरा राहिला असं मी अनेकांचं बघितलंय. त्यांचा राहिला असेल तर सुट्टीच्या दिवसाची वाट बघू नका, या सोमवारीच कार्ड घेऊन पाठवा.